सुपडूनानाचा गुडघा

नाना, परवा तुझी गंधमुक्ती झाली, दुखवट्याचा शेवटचा दिवस. मांडवात बसलेल्या निम्म्या लोकांनी तुझ्या गुडघ्याची आठवण काढली. "माणूस कसा लोखंडी होता, पण गुडघ्याने घात केला," असं तुझा साडू मला सांगत होता आणि मी मान डोलवत होतो. मान डोलवण्यात मी गेल्या दोन वर्षांत चांगला तरबेज झालोय.

तुझा गुडघा कधीच दुखत नव्हता. उजवाही नाही आणि डावाही नाही. ही गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक होती, त्यातला एक तू दुपारची झोप काढता काढता निघून गेलास. उरलो मी. म्हणून काल तुझ्या घरी गेलो आणि तुझ्या बायकोला, अक्काला, सगळं सांगून टाकलं. ती काय म्हणाली ते तुला सांगायचंय. पण माझी सवय तुला माहीत आहे. गिऱ्हाइकाने एक वाटी मागितली तरी मी आधी अख्खी मांडणी दाखवतो. तेव्हा जरा दम धर.

तुझी माझी ओळखच मुळी माझ्या मूर्खपणातून झाली. दोंडाईच्यात भांड्यांचं दुकान नुकतंच माझ्या हातात आलं होतं आणि तू नवा वायरमन म्हणून आमच्या भागात आला होतास. दुकानात वीज येत-जात होती. तू शिडी लावलीस आणि मी ऐटीत म्हणालो, "मेन स्विच बंद केलाय, बिनधास्त हात घाला." तू खिशातून टेस्टर काढलास, तारेला लावलास, आणि त्यातला दिवा पेटला. मी शेजारच्या गोदामाचा स्विच बंद करून आलो होतो. दुसरा एखादा असता तर त्याने माझ्या सात पिढ्या काढल्या असत्या. तू शिडीवरून एवढंच म्हणालास, "शेठ, लाईन बंद शे असं कोनी बी सांगो, मी टेस्टर लावाशिवाय हात लावत नही." त्या दिवशी मी तुला चहा पाजला आणि तू मला शिकवून गेलास. अर्थात शिकवलेलं सगळंच माझ्या डोक्यात राहिलं असं नाही, ते पुढे येईलच.

तू निवृत्त झालास आणि त्याच सुमाराला मला साखर निघाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. मी म्हणालो, दुकानात दिवसभर चालतोच की, या मांडणीपासून त्या मांडणीपर्यंत. तू ऐकलं नाहीस. रविवारी पहाटे दारात येऊन उभा राहिलास, हातात काठी आणि खांद्यावर तीच खाकी पिशवी, जिच्यात पूर्वी पक्कड असायची आणि आता भाकरी. मग शिंदखेड्याचा विलास आला, ज्याचं औषधाचं दुकान आहे. मग चोपड्याकडचा मधुकर आला, केळीवाला, तुझ्या तिकडच्या नोकरीतला दोस्त. तो शंभर किलोमीटरवरून गाडी घेऊन यायचा आणि चढावर सगळ्यात जास्त बोलायचा. अशी आपली चौकडी झाली. चौघंही साठीच्या अलीकडे-पलीकडे आणि चौघांच्याही बायका म्हणायच्या की म्हातारचळ लागलाय.

पण तू डोंगरावर माणसं कशी न्यायचास हे मला आजही जमत नाही. इतर लोक जोरात चालणाऱ्याला पुढे घालतात. तू सगळ्यात मंद माणसाला पुढे घालायचास, म्हणजे मला, आणि स्वतः सगळ्यात मागे राहायचास. मी म्हणायचो, "नाना, वाट तुला माहीत, मी पुढे काय करू?" तू म्हणायचास, "वाट मी मांगतून सांगस, तू फक्त तुन्हा पायवर चाल." त्यामुळे मला कधी धाप लागली आणि इतर लोक वर थांबून माझी वाट बघतायत, असं एकदाही झालं नाही. माझ्यासारख्या फुगीर माणसाला हे किती मोठं देणं होतं, ते तुला कळत होतं. तू ते कधी बोलून दाखवलं नाहीस.

आणि तो तुझा प्रश्न. प्रत्येक थांब्यावर प्रत्येकाला एकच. "काल सांजले काय जेवना?" सुरुवातीला मला वाटायचं, तुला खाण्याची फार हौस. मधुकर तर शेवभाजीच्या रश्श्याचं वर्णन असं करायचा की बाकीच्यांना दगड चावावेसे वाटायचे. विलास दोन शब्दांत संपवायचा. मी दाल-बाटीची कथा लावायचो. तू डोळे मिटून ऐकायचास. पुष्कळ दिवसांनी कळलं की तुला जेवणाशी काही देणंघेणं नव्हतं. तू आवाज ऐकत होतास. कुणाची जीभ टाळूला चिकटतेय, कुणाचा श्वास वाक्याच्या मध्येच तुटतोय, कोण उगाच चिडून बोलतोय. विजेच्या तारेला टेस्टर, तसा माणसाला हा प्रश्न. मला वाटतं, मी आयुष्यात भेटलेल्या शिकल्यासवरल्या माणसांपैकी एकालाही इतकी साधी आणि इतकी पक्की युक्ती सुचली नसती.

आता बोडक्याबद्दल बोलू. शिंदखेड्याच्या पलीकडचा तो उघडा डोंगर तुझ्या डोक्यात किती वर्षं होता कोण जाणे. पाऊस आला तरी त्याला वळसा घालून जाणार, झाड म्हणाल तर पायथ्याला चार हिवर, बाकी काळा दगड, करपलेलं कुसळ आणि निवडुंग. मधुकर त्याला महाराष्ट्रातलं वाळवंट म्हणायचा आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावायचा. "शेठ, तुमचे पूर्वज वाळवंटातून आले ना? मग हा तुमचा घरचाच डोंगर झाला बाप्पा." माझा पणजोबा मारवाडातून आला हे खरं, पण मी वाळवंट पाहिलं ते एका लग्नात, गार हवेच्या बसच्या काचेतून. तरी मी छाती काढून सांगायचो की ऊन आमच्या रक्तातच आहे.

तुला तो डोंगर का हवा होता ते तू एकदाच सांगितलंस. त्याच्या चहूबाजूंच्या वाड्या-वस्त्यांना वीज नेली ती तू आणि तुझ्या माणसांनी. बैलगाडीतून खांब नेले, खडकात खड्डे पाडले. "खालतून एकावेळे दोनच खांब दिसतस शेठ. वर गयं का बठ्ठा दिसतीन. एक डाव मले दखनं शे, मी काय काम करं ते." तीस-पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाची एवढीच इच्छा, आपलं काम एका नजरेत बघायचं. मला ती तेव्हा फार छोटी वाटली होती.

चैत्रातला तो रविवार मधुकरने ठरवला, कारण पुढे त्याची केळी काढणीला येणार होती. तू लगेच माझ्याकडे बघितलंस. "शेठ, तुन्ही ओळी ऱ्हास ना चैतमा?" तुला आमच्या घरातल्यापेक्षा जास्त लक्षात असायचं. चैत्रात नऊ दिवस आमची आयंबिलाची ओळी असते. दिवसातून एकदाच जेवायचं, तेही तेल-तूप-मीठ-मसाला नसलेलं, आणि पाणी उकळलेलंच प्यायचं. मी ती वर्षानुवर्षं करत आलोय, एकदाही मोडलेली नाही. आणि मी तुला सरळ म्हणालो, "यंदा नाही करत. साखरेमुळे डॉक्टरांनी मना केलंय."

का खोटं बोललो? मला ओळीही मोडायची नव्हती आणि डोंगरही सोडायचा नव्हता. शिवाय माझ्यामुळे बेत पुढे गेला असता तर मधुकरने वर्षभर मला सोललं असतं. व्रतात खोटं बोललं तर व्रत राहतं का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही, नंतर पडला.

त्या दिवशी मी दोन तांब्याच्या बाटल्या आणल्या होत्या, पहाटे उकळून गार केलेल्या पाण्याने भरलेल्या. दुकानात नव्याच आलेल्या. गाडीत बसल्या बसल्या मी एक बाटली टिचक्या मारून सगळ्यांना दाखवली. "आपटली तरी थेंब सांडणार नाही, माझी गॅरंटी." विलासने तर दोन बाजूला काढून ठेवायला सांगितल्या. नाना, दुसऱ्या थांब्यावर मी पिशवीत हात घातला तर पिशवीचं बूड ओलं. दुसऱ्या बाटलीच्या झाकणाचं रबर बसलंच नव्हतं, आणि आत तळाला जेमतेम घोटभर पाणी. पहिली तर मी आधीच संपवली होती. मी हळूच झाकण लावलं आणि पिशवी पाठीवर चढवली. माझ्याच दुकानातली बाटली गळली हे चारचौघांत सांगायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. विलासकडे पाणी होतं, मधुकरकडे तर छोटा जारच होता, पण ते साधं पाणी. ते मला चालणार नव्हतं, आणि का चालणार नाही हे सांगितलं की खोटं उघडं पडणार.

त्यापुढची चढण मला नीट आठवत नाही. दगड पायाखाली तव्यासारखे तापले होते. सावली म्हणून निवडुंगाची. आधी घामाने शर्ट चिकटला होता, मग कधीतरी घाम यायचाच थांबला आणि मला उलट बरं वाटलं. मूर्ख माणसाला संकट येताना बरंच वाटतं.

खिंडीत आलो. वरचं टोक समोर दिसत होतं, वीस मिनिटांची चढण, फार तर पंचवीस. मधुकर आधीच वरच्या फोटोच्या गोष्टी करत होता. तू मागून आलास आणि नेहमीसारखा विचारत गेलास. विलास म्हणाला, पोळी आणि भेंडी. मधुकरने वांग्याचं भरीत सुरू केलं, कपाशीच्या पऱ्हाटीवर भाजलेलं, वरून हिरवी मिरची. मग माझ्याकडे वळलास. "शेठ, काल सांजले काय जेवना?"

"खिचडी," मी म्हणालो. "कढी."

दोन शब्द. पण 'कढी' म्हणताना जीभ टाळूवरून सुटेना. तू तुझी बाटली पुढे केलीस. मी म्हणालो, "नको, माझं आहे." तू माझ्या पिशवीच्या बुडाकडे बघितलंस, वाळत आलेल्या ओल्या डागाकडे. मग माझ्या ओठांकडे. मग वरच्या टोकाकडे बघितलंस, नाना. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण ती नजर मी विसरलेलो नाही. आणि मग तू गुडघा धरून खाली बसलास.

"मन्हा गुडघा गया रे भाऊ. आते मन्हाकडथीन व्हवाव नही."

मधुकर, विलास धावले. आणि मी काय केलं? मी भडकलो. सगळ्यात मोठ्या आवाजात मीच ओरडलो. "इतकी वर्षं खांबांवर चढला म्हणे! वीस मिनिटं राहिलीत आणि याचा गुडघा! बस इथेच, आम्ही वर जाऊन येतो." चोराच्या मनात चांदणं. मला वाटत होतं, मीच वर जायचा आग्रह धरला तर माझ्यावर कुणाला संशय येणार नाही. मधुकरने माझ्याकडे असं बघितलं की त्याला माझी शिसारी आली असावी. तू मात्र मान खाली घालून गुडघा चोळत राहिलास आणि म्हणालास, "माफ करा रे. पन मले एकटाले सोडीसन जाशात का?"

अर्थात कुणीच सोडणार नव्हतं. आपण परत फिरलो. उतरताना तू विलास आणि मधुकरला पुढे घातलंस, "तुम्ही वाट दखा, मी शेठना खांदा धरीसन येस." तुझा हात माझ्या खांद्यावर होता. बघणाऱ्याला वाटावं, मी तुला आधार देतोय. पण भार तुझा माझ्यावर नव्हता, माझा तुझ्या हातावर होता. एका वळणावर ते दोघं दिसेनासे झाले आणि तुझं लंगडणं थांबलं. सरळ, ताठ, खांबासारखा चालायला लागलास. मी बघत राहिलो. तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "खाले वस्तीमा चूल पेटेल ऱ्हाई. तितला धीर धर." वळण संपलं आणि पुन्हा लंगडायला लागलास.

वस्तीवरच्या पहिल्याच घराच्या ओट्यावर तू बसलास आणि आतल्या बाईंना हाक मारलीस. "माय, गुडघा शेकाले पानी पायजे. चांगलं खळखळ उकळू द्या." मधुकर आणि विलासला तू गाडी आणायला पाठवलंस. बाईंनी पातेलं भरून वाफाळतं पाणी आणून ठेवलं. तू त्यांच्याकडून एक परात मागून घेतलीस, पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत गार करत बसलास, आणि मग फुलपात्र भरून माझ्यासमोर धरलंस. "पी. दमे दमे पी." मी प्यायलो. पाच, सहा, सात फुलपात्रं. शेवटी राहिलेल्या थोड्या पाण्यात तू रुमाल बुडवलास, गुडघ्यावर ठेवलास आणि गाडीची वाट बघत बसलास, खोट्याला पुरावा म्हणून.

एक शब्द विचारला नाहीस. ओळी कशी चाललीय, बाटलीचं काय झालं, मी तुला वर काय काय बोललो. काहीच नाही. माझा जीव राहिला, माझी ओळी राहिली, माझ्या दुकानाचं नाव राहिलं. असला माणूस माझा दोस्त होता, हे मी आता छाती ठोकून सांगतो. तेव्हा सांगितलं नाही.

पुढचं तर तू भोगलंस. मधुकरने 'नानाचा गुडघा' हा विनोदच करून टाकला. कुणाला उशीर झाला की नानाचा गुडघा, गाडी बंद पडली की नानाचा गुडघा. सगळे हसायचे, मीही हसायचो. तुझ्या मुलाने पुण्याहून फोन करून फर्मान काढलं, आता डोंगर बंद. डॉक्टरांनी फोटो काढला, त्यात काही निघालं नाही, पण डॉक्टर म्हणाले वय झालंय, जपलेलं बरं. अक्काने तर काठी आणि पिशवी माळ्यावर टाकली. ज्या माणसाचे पाय आपल्या चौघांत सगळ्यात धडधाकट, तो रविवारी गाडीपाशी बसून राहू लागला. तिथूनही तू थांब्याथांब्यावर फोन करायचास. "काल सांजले काय जेवना?" मोबाईलवरून आवाज नीट कळत नाही म्हणून दोनदा विचारायचास.

त्याच वर्षी पौषात आम्ही तिघं बोडक्यावर जाऊन आलो. तू वस्तीवर थांबलास. नाना, मी त्या टोकावर उभा राहिलो. हवा स्वच्छ होती. उत्तरेला तापीची रेघ, तिच्या मागे सातपुडा, आणि खाली चारी बाजूंना तुझे खांब. ओळीच्या ओळी, वस्तीवस्तीकडे गेलेल्या. मधुकर फोटो काढत होता आणि मला बघवेना. तिथं मी उभा होतो आणि तिथं तू हवा होतास, इतकी साधी गोष्ट होती ती.

खाली आल्यावर तू माझा मोबाईल मागून घेतलास. ओट्यावर बसून, दोन बोटांनी फोटो मोठा करत करत तू अर्धा तास बघत होतास. "हाऊ खांब दखा, हाऊ दोनदा पडना. आठे खडक लागना, सुरुंग लावना पडना. हाई वस्तीमा पहिला दिवा लागना तवय बायास्नी आमले ओवाळं." तुझा चेहरा इतका खूश होता की मला रडू फुटलं. मी तोंड धुवायला म्हणून उठलो. फोटोत अर्ध्या ओळी धुरकट होत्या, आणि त्या कुठल्या ते तू मला विचारत होतास, मी वर जाऊन आलो होतो म्हणून. मला एकही सांगता आली नाही.

दुसऱ्याच दिवशी मी तुझ्या घरी आलो. अक्का देवळात गेली होती. मी म्हणालो, "नाना, बस झालं. मी सगळ्यांना सांगतो. तू आणि मी दोघंच जाऊ परत वर." तू हसलास. "सांगशी ते तू खोटा पडशी. वरीसनं वरीस व्रत करस, मधुकर त्यान्हीबी मस्करी करी. मले चाली नही ते." मी म्हणालो, "आणि तुझी मस्करी चालते?" तू गुडघ्यावर थाप मारलीस. "गुडघाले काय नाक ऱ्हास का कापाले? ऱ्हाऊ दे."

मी वाद घातला. व्रतात खोटं बोललो, तर व्रत आधीच मोडलं की, मग कशाला झाकायचं? तू म्हणालास, "ते तुन्हा म्हाराजस्ले इचार. मी वायरमन शे." तो वाद तिथेच राहिला. तू तो हसण्यावारी नेलास आणि मी नेऊ दिला. खरं सांगू? तू 'ऱ्हाऊ दे' म्हणालास आणि मला सुटल्यासारखं वाटलं. दोस्ताने मना केलं, आता आपण काय करणार, असं म्हणत मी पुढचं वर्ष-सव्वा वर्ष आरामात काढलं. तुझा मोठेपणा मी माझ्या सोयीसाठी वापरला. याचं नाव कृतज्ञता नव्हे, नाना. मी ते तसं समजत होतो.

म्हणून काल अक्काकडे गेलो. मधुकर आणि विलासलाही बोलावून घेतलं होतं. अक्का तुझ्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली होती. मी सगळं सांगितलं, ओळी, बाटली, खिंड, उकळलेलं पाणी, काही झाकलं नाही. मधुकर मध्येच उठून ओट्यावर गेला आणि तिथे भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. विलास खाली बघत होता.

अक्का म्हणाली, "म्हंजे त्यासना गुडघा दुखतच नही व्हता?"

"नाही अक्का."

"दोन वरीस मी रोज सांजले तेल चोळं. ओवा टाकीसन, लसूण टाकीसन. अन् ते रोज सांगेत, आज जरा बरं वाटस." आणि ती हसायला लागली. खरोखर हसायला लागली, पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत. "कसा मानूस व्हता हाऊ! धडधाकट गुडघा चोळी लिधा मन्हाकडथीन!" तिच्याबरोबर विलास हसला, मीही हसलो. मला वाटलं, सुटलो. तुझ्या घरात मला माफी मिळाली.

मग तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, नाना. राग असता तर मला सोसला असता.

"शेठ," ती म्हणाली, "हाई तुम्हीन महिनाभर पहिले सांगं ऱ्हातं ना, ते मी त्यास्ले वर जाऊ दिधं ऱ्हातं. मन्हा हातथीन डबा बांधी दिधा ऱ्हाता."